मसणातून आणलेली खुर्ची

आमच्या तांड्यावर येऊन कोणालेही विचारा, शीला कोण? लोक सांगतील, "ते होय? मसणात जाते ते." मग आमच्या घराकडे बोट दाखवतील. शीला माझी सून. मी रुपीबाई, तिची सासू. सुनेच्या चहाड्या सांगायले बसली म्हणू नका. चहाड्या सांगायच्या आहेत त्या दुसऱ्यांच्या, आणि थोड्या माझ्या.

शीलाचा बाप पुसदले बस स्टँडपाशी सायकली दुरुस्त करायचा. त्याले पोरगा नव्हता, म्हणून पान्याच्या पेटीपाशी पोरगी बसायची. आठ वर्षांची असताना पंक्चर काढायची, बारा वर्षांची झाली तर चाकाच्या तारा कसायची. लग्नाच्या बोलणीत हे मले कोणी सांगतलं नाही. सांगतलं असतं तर मी म्हटलं असतं, आमाले सून पाह्यजे, मिस्त्री नाई. ती आमच्या संजयच्या घरी आली आणि चौदा वर्षं तिच्या हातात विळा नाही तर कापसाची ओटी. निंदण करायची, वेचणी करायची, भाकरी थापायची. वाईट नव्हती. पण बोलायची नाही. घरात सून आहे की मांजर हे समजत नव्हतं. मांजर तरी दुधासाठी ओरडते.

दोन वर्षांमागं दिग्रसच्या परोपकार क्लबानं तांड्यावर तपासणीचं शिबिर घेतलं. क्लब म्हणजे शहरातले व्यापारी, डॉक्टर, रिटायर मास्तर. कधी केळी वाटतात, कधी रक्त गोळा करतात, आणि दोन्ही वेळी फोटो काढतात. तर त्या दिवशी डॉक्टर म्हाताऱ्यांले विचारे, "काय दुखतं?" आणि म्हाताऱ्या नुसत्या मान हलवत. पोट दुखते हे मराठीत सांगता येते हो, पण कसं दुखते हे आमा बंजाऱ्यांले आमच्या गोरबोलीतच सांगता येते. क्लबातल्या विमलताई, शाळेतून रिटायर झालेल्या बाई, त्यांनी गर्दीत पाह्यलं आणि शीलाचा हात धरला. "तू बोलतेस ना दोन्ही? उभी राहा इथं मधात." ती उभी राहिली. सांजेपर्यंत म्हाताऱ्यांची दुखणी इकडची तिकडं करत होती. चौदा वर्षांत माझ्याशी बोलली नसेल तेवढी त्या डॉक्टरशी बोलली.

मग विमलताईंनी तिले बोलावलं, दर गुरुवारी दिग्रसले ये, क्लबात मदत लागते.

"फुकट?" मी विचारलं.

"हो याडी." याडी म्हणजे आमच्या बोलीत आई.

"कायले? घरी काम कमी हाय काय?"

"दुपारपर्यंत येते ना."

गेली. पहिले दोन-तीन गुरुवार झाडझूड आणि चहा. मी मनात म्हणे, घरचा झाडू सोडून लोकायचा झाडू धराले गेली, वारे शहाणी! मग एका गुरुवारी आली ते हातभर काळं ग्रीस माखून, लुगड्याले डाग, आणि तोंडावर हसू. मले वाटलं पडली कुठं, डोक्याले मार लागला.

"याडी, तिथं मागच्या खोलीत चाकाच्या खुर्च्या पडल्या हायेत. मोडक्या. कोनाचे छर्रे गेले, कोनाची रिम वाकडी. मी पाना मागतला. एक चालू केली!"

असं सांगतलं जसं तिनं पोर जन्माले घातलं. त्या दिवशी भाकरी करपली आणि तिले पत्ताच नाही. मी बोलणार होती, पण ती गुणगुणत होती. तिले गाणं येते हे मले माहीतच नव्हतं.

तो क्लब दुखणाईत माणसांले चाकाच्या खुर्च्या, वॉकर, काठ्या वापराले देत असे. बरं झालं की परत करायचं, माणूस गेला तरी परत करायचं, असा नियम. पण परत काही येत नव्हतं. एक दिवस क्लबाची सभा भरली. शीला चहाचे कप फिरवत होती. अध्यक्षसाहेब म्हणाले, "एकोणीस खुर्च्या खेड्यांत गेल्या, एक परत नाही. विकतात भंगारात. विशेषतः तांड्यांवरचे लोक. चोरांना आपण दान करतो आहोत." आणि हिच्या हातून कप घेतला. तिच्याच हातून! वर म्हणाले, "साखर जरा जास्त झाली, ताई."

घरी आली ते जेवली नाही. मी खोदून विचारलं तेव्हा सांगतलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण राग कुठं काढावा माणसानं? अध्यक्षसाहेब दिग्रसात, सून समोर. मी तिच्यावरच ओरडली, "आनखी जा! चोर म्हनून घ्याले जा, चहा पाजाले जा!"

ती पीठ मळत होती. खाली मान घालून विचारलं, "याडी, धावजीकाकाले क्लबानं खुर्ची देली होती. ते कुठं हाय आता?"

"कुठं म्हंजे? मसणात," मी म्हटलं. "त्याची होती, त्याच्यासंगं देली."

तिचे हात थांबले. माझ्या तोंडाकडं अशी पाहत राहिली की मलेच वाटलं मी काही वावगं बोलली काय. मी काय वावगं बोलली होती? माणूस गेला की त्याचं अंथरूण, पांघरूण, त्याची काठी, त्याच्यासंगं मसणात ठेवून यावं. त्याचं त्याले द्यावं. मेलेल्याची वस्तू घरात ठेवेल असं लोभी माणूस आमच्या तांड्यावर नाही. आमच्या तांड्यावरचा हा धावजी, शेवटी पाय गेलेले त्याचे, तो गेला तेव्हा चार माणसांनी ती खुर्ची उचलून नेली होती, मोठ्या मानानं. क्लबाची आहे, परत द्यायची आहे, हे कोणाच्या डोक्यातही आलं नाही. वापराले देली म्हणजे काय, आणि देली म्हणजे काय? आमच्याकडं देली म्हणजे देली.

दुसऱ्या दिवशी सकाळी शीला नाल्याकाठच्या मसणात गेली आणि धावजीची खुर्ची डोक्यावर घेऊन आली.

मी हे सांगते आहे तेवढं सोपं नव्हतं ते. आमच्यात बाई माणूस मसणात जात नाही. आपलं माणूस गेलं तरी वेशीपर्यंत. आणि ही भरल्या सकाळी, एकटी, डोक्यावर मेलेल्याची गंजलेली खुर्ची, तांड्याच्या मधल्या रस्त्यानं! पोरं पळाली. तांड्याचा मुखिया, नायक फुलसिंग, ओट्यावर दात घासत होता, त्याच्या तोंडातलं राखुंडं तसंच राहिलं. मी दारात आडवी झाली.

"हे आंगनात आनशीन तर माझं तोंड पाहू नको!"

"बरं," ती म्हणाली. आणि घराला वळसा घालून कडब्याच्या गंजीमागं नेऊन ठेवली. भांडली असती तर बरं वाटलं असतं मले.

त्यानंतर सुट्टीच्या दिवशी संजयच्या गाडीवर मागं बसून ती गावोगाव फिरली. आमचा संजय जिनिंगमध्ये कामाले आहे. मी म्हटलं, "तुले लाज नाई वाटत बायकोले मसण दाखवत फिराची?" तो म्हणे, "याडी, ते हसून राह्यली ना हल्ली." एवढंच.

नऊ गावं फिरली. तांडे होते, कुणब्यांची गावं होती. सगळीकडं एकच जबाब, "त्याची होती, त्याच्यासंगं देली." एकोणिसातल्या तेरा तिले मसणात सापडल्या. कोणी बाभळीखाली, कोणी नाल्यात, एकीवर तर कोणीतरी दर सणाले फूल ठेवत होतं. दोन घरात निघाल्या, त्यावर पाण्याचे हंडे ठेवले होते. चार कुठं गेल्या समजलं नाही. पण भंगारात विकलेली एक सापडली नाही. एकही नाही! हे तिनं क्लबात जाऊन सांगतलं. मी असती तर वाजवून सांगतलं असतं. तिनं नुसतं सांगतलं. अध्यक्षसाहेब म्हणाले, "मसणातल्या? अरे बापरे. हॉलमध्ये आणू नका त्या. आता आपल्याला नव्या मिळणार आहेत." चोर म्हटल्याबद्दल एक शब्द नाही. जीभ घसरली तरी माणूस 'चुकलं' म्हणते की नाही?

विमलताईंनी मात्र मागच्या खोलीची किल्ली शीलाच्या हातात दिली. "हॉल त्यांचा, खोली तुझी," म्हणाल्या.

आता माझ्या घरचं सांगते. माझा नवरा शंकरसिंग. बायकोनं नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणतात, पण या वयात कोण काय करते माझं. हा माणूस चाळीस वर्षं आमच्या तांड्याच्या होळीले लेंगी म्हणत होता. लेंगी म्हणजे आमचं होळीचं गाणं, डफावर, गोल धरून. तो आणि धावजी, दोघं मिळून. दोघांचं एका सुरात कधी जमलं नाही आणि एकमेकांशिवाय कधी झालं नाही. धावजी गेला, त्यानंतर याच्यावर एकट्यावर भार. आणि मागल्या वर्षी संक्रांतीच्या मागंपुढं याले लकवा झाला. डावा हात, डावा पाय गेला. गळा राहिला. गळा राहिला हेच वाईट झालं, कारण खाटेवर पडल्या पडल्या तो एकच गोष्ट बोले, "होळीले मले बाहेर न्या."

खाट उचलून नेतो म्हटलं पोरांनी. तो भडकला. "खाटेवर उचलून एकदाच नेतेत. मी आताच नाई जात."

शीला म्हणाली, "बापू, मागं धावजीकाकाची खुर्ची हाय, मी नीट केली."

मी मधात पडली. "खबरदार! मेलेल्याच्या खुर्चीवर माझा मानूस? क्लबात नव्या आल्या ना? नवी आन."

तिनं समजावलं, नव्या एवढ्यात मिळत नाहीत. मी म्हटलं, तू मागत नसशील नीट. मीच येते. होळी बारा दिवसांवर होती. कानापाशी चांदीची घुगरी घालून, चांगली फेटिया, म्हणजे आमचा घागरा, नेसून, मी तिच्यासंगं ऑटोत बसून दिग्रसले गेली.

क्लबाच्या हॉलमध्ये बारा नव्या खुर्च्या प्लास्टिकात गुंडाळून ओळीनं ठेवल्या होत्या, हळद लागलेल्या नवऱ्यांसारख्या. मुहूर्ताची वाट पाहत. दिवाळीपासून तशाच होत्या म्हणे. अध्यक्षसाहेब टेबलाशी होते.

"साहेब, यातली एक द्या. आमच्या म्हाताऱ्याले लकवा हाय. होळीले बाहेर न्याचं हाय त्याले."

"आजी, तुमचं नाव यादीत आहे. पाहुण्यांची तारीख मिळाली की त्यांच्या हस्ते वाटप करू."

"कधी मियन तारीख?"

"मे महिन्यापर्यंत मिळेल."

"मंग होळी मे मध्ये ठेवता काय तुमी?"

बाजूचे दोघंजण हसले. साहेब नाही हसले. "आजी, नियम असतात. कार्यक्रमाआधी प्लास्टिक काढता येत नाही. आणि खरं बोलू? तांड्यावर दिलेली वस्तू परत येत नाही, हा आमचा अनुभव."

"कुठं गेल्या ते हिनं सांगतलं ना तुमाले?"

"सांगितलं. पण मसणातल्या खुर्चीत कोण बसेल, आजी? तुम्ही तरी बसवाल का तुमच्या माणसाला?"

मेला खरं बोलला होता. इतके दिवस मी तेच तर सुनेले ऐकवत होती. शीला माझ्याकडं पाहत नव्हती, खाली फरशीकडं पाहत होती. ती माझी लाज वाचवत होती, हे मले समजलं, आणि अजूनच राग आला. साहेबाचा आला, माझा आला, त्या प्लास्टिकाचा आला.

उठता उठता म्हटलं, "साहेब, आमी अडानी. तुमची खुर्ची आमी मेलेल्याले देऊन आलो. तुमी तर शिकलेले, तुमी जित्यालेही देऊन नाई राह्यले. चोर कोन, ते लिहून ठेवा यादीत."

ऑटोत शीला हळूच म्हणाली, "याडी, साखर कमी झाली तुमची आज." मी तिच्याकडं पाह्यलं. ही पोरगी मस्करी करते! चौदा वर्षांनी!

घरी आली तर म्हातारा वाट पाहत. मी सगळं सांगतलं. तो म्हणाला, "कडब्यामागं हाय ते कोनाची?"

"धावजीची."

"मंग आन ना! कायले दिग्रसले पैदल-ऑटोनं फिरून राह्यली? साऱ्या जिंदगीत त्यानं मले कधी सरकून जागा नाई देली. डफ आपल्यापाशी, मधली जागा आपल्याले. आता त्याच्या मांडीवरच बसतो."

शीलानं खुर्ची पुढं आणली. मी पहिल्यांदा नीट पाहिली. गंज खरवडून हिरवा रंग दिला होता. बसायची जागा पोत्याची शिवली होती, दुहेरी. आणि पुढची चाकं वेगळीच. "असली खुर्ची फरशीवर चालते," शीला म्हणाली. "पुढची चाकं लहान असतेत, आपल्या मुरमात रुततेत. म्हनून लहान पोराच्या सायकलीची बसवली." हे सांगताना तिचा आवाज माझ्या ओळखीचा नव्हता. असं वाटलं, ही बाई पुसदच्या त्या दुकानातून आताच उठून आली, मधली चौदा वर्षं झालीच नाहीत.

तेवढ्यात दारात ओरडा. बसंतीबाई, धावजीची बायको. खुर्ची आणली तेव्हापासून ती बाहेरगावी लेकाकडं होती, आताच परतली, आणि कोणीतरी लावून दिलं होतं.

"रुपी! माझ्या मानसाची खुर्ची काढून आनली तुमी? त्याचे पाय चालत नव्हते, त्याले तिथं कशावर बसवू मी आता?"

शीला खुर्चीची मूठ सोडून बाजूले झाली. म्हातारा खाटेवरून म्हणाला,

"बसंती, तो कायले बसते? तिथं गेल्यावर पाय बरे झाले असतीन त्याचे. नाचून राह्यला असन."

बसंती पदर तोंडाशी धरून उभी राहिली. मले वाटलं आता रडते. ती फस्सकन हसली. मग रडली. मग म्हणाली, "नाचतच असन मेला. घरी एक दिवस टिकला नाई." खुर्चीजवळ आली, मुठीवरून हात फिरवला. "बसा भाऊ. पन पह्यली लेंगी त्याच्या नावानं म्हना."

होळी आमच्याकडं पहाटे पेटते. फुलसिंग नायक, जो राखुंडं तोंडात घेऊन शीलाकडं पाहत राहिला होता, तोच खुर्ची ढकलत होता. मुरमातून खुर्ची सरसर गेली. म्हाताऱ्याचा एकच हात चालत होता, म्हणून संजयनं डफ धरला आणि त्यानं वाजवला. पहिली लेंगी धावजीच्या नावानं. गळा फाटलेला होता, पण होता. शीला बायकांत मागं उभी होती. ती त्याच्याकडं पाहत नव्हती, खुर्चीच्या पुढच्या चाकाकडं पाहत होती, डगमगते की काय म्हणून.

त्यानंतर लोक यायले लागले. पुढच्या दारानं नाही, कडब्याच्या बाजूनं, लपून. "शीलाताई, आमच्या बुढीसाठी मियन काय एक?" तोंडानं 'मसणात जाते ते' म्हणायचं आणि मागून खुर्ची मागायची. मी म्हणे, पुढच्या दारानं या, नाही तर खुर्ची नाही. आता येतात.

मे महिन्यात पाहुणे आले. नव्या खुर्च्यांचं प्लास्टिक निघालं. मोठ्ठा फ्लेक्स लागला, पाहुणे आणि अध्यक्षसाहेब एका म्हाताऱ्याले खुर्चीवर बसवताना. विमलताईंनी मोबाइलवर मले दाखवला. मी निरखून पाह्यलं. खुर्चीच्या मुठीवर दोन हात दिसतात, बोटांत ग्रीस. त्याच्यावरचं माणूस कापलं आहे. अजूनही चौकात आहे तो फ्लेक्स. मी दिग्रसले गेली की त्याच्याकडं पाठ करून उभी राहते. शीलाले म्हटलं, तुले राग नाई येत? ती म्हणे, "याडी, ते खुर्ची मीच जोडली, ब्रेक चांगला लागते तिचा." काय बोलावं हिले? राग मलेच करावा लागतो, तिच्या वाटचाही.

कार्तिकात म्हातारा गेला. झोपेत, शांत. तिरडी उचलली तेव्हा मी बायकांच्या घोळक्यात बसली होती. पाहते तर फुलसिंगनं दोन पोरांले खुणावलं, आणि त्यांनी हिरवी खुर्ची उचलून तिरडीमागं धरली. मोठ्या मानानं. डोळे पुसत.

मी उठली. त्या वेळी बाईनं उठू नये.

"खुर्ची ठेवा."

"काकू," फुलसिंग हळू बोलला, "त्याची हाय."

"त्याची नाई. धावजीची होती, त्याच्या आंधी क्लबाची, आन आता जो पडला असन त्याची. आमच्या मानसाले कायले लागते? त्याचे पाय आता बरे झाले."

पोरांनी फुलसिंगकडं पाह्यलं. मग घोळक्यातून बसंतीबाईचा आवाज आला, "ठेवा म्हनते ना ते!" पोरांनी ठेवली. मागं वळून पाह्यलं तर शीला रडत रडत पदराच्या टोकानं चाकाले लागलेली माती पुसत होती.

तेराव्यानंतर महागावकडून एक शेतकरी आला, बबनराव नावाचा. त्याची आई पडून होती. शीलानं खुर्चीले तेल दिलं, ब्रेक दाखवला, मुरमात कशी न्यायची ते दाखवलं. तो निघता निघता विचारता झाला, "ताई, ही कोणाची होती?"

शीलानं माझ्याकडं पाह्यलं.

मी म्हटलं, "दोन लेंगीवाल्यायची. डाव्या बाजूनं जरा कुरकुरते, तेल देत जा. आन आईचं बरंवाईट झालं तर मसणात नेऊन ठेवू नका भाऊ. ठेवली तरी आमची सून येते तिथं. तिले वाट माहीत हाय."